तंबूतला सिनेमा आणि बायकांची बाजू



मार्गशीर्ष लागला की आपल्या माण-खटाव भागात जत्रांचे दिवस सुरू होतात. म्हसवडला सिद्धनाथाचा रथ, पुसेगावला सेवागिरी महाराजांची यात्रा, पुढे पौषात पालच्या खंडोबाची. पाळणे येतात, भांड्यांची दुकानं येतात, बैलबाजार भरतो, तमाशाचे फड लागतात. आणि या सगळ्याच्या कडेला सिनेमाचे तंबू. पूर्वी ते ओळीनं लागायचे, आता एखादाच दिसतो. आज आम्ही त्या तंबूंबद्दल बोलणार आहोत.

सिनेमाचा इतिहास म्हटलं की नट-नट्या, दिग्दर्शक, कंपन्या यांची नावं येतात. ती आम्हीही घेणार आहोत. पण आम्हाला जास्त उत्सुकता आहे ती समोर बसणारीची. ती घरातून कशी निघाली? कुणाला काय सांगून निघाली? कुठे बसली? गावातली बाई रात्रीच्या वेळी, घरचं काम नसताना, पैसे मोजून चार लोकांत जाऊन बसते, ही गोष्ट आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वी सहज होणारी नव्हती. ती झाली कशी, ते बघू.

सुरुवात मुंबईत झाली. ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात फ्रान्सहून आलेल्या ल्युमिएर बंधूंच्या माणसांनी पहिल्यांदा हलती चित्रं दाखवली. हॉटेल साहेबलोकांचं, त्यामुळे आपल्या लोकांचा तिथे प्रश्नच नव्हता. पण आठवड्याभरात हे खेळ नॉव्हेल्टी थिएटरात आले, आणि तिथे लवकरच एक सोय झाली: पडद्यातल्या बायकांसाठी आणि त्यांच्या कुटुंबांसाठी राखीव बॉक्स. तिकीट ४ आण्यांपासून २ रुपयांपर्यंत. म्हणजे आपल्याकडे सिनेमाला महिनाही झाला नव्हता तेव्हा बायकांची वेगळी जागा ठरली होती. यात कुणाचा मोठेपणा शोधायला नको. बाई आली की पोरं येतात, सासू येते, नणंद येते, तिकिटं वाढतात. खेळवाल्यांना हा हिशेब पहिल्या दिवसापासून कळत होता, आणि पुढे तंबूवाल्यांनाही तो चांगला कळला.

आपल्या माणसानं आपला सिनेमा काढला तो १९१३ साली. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात लागला. फाळक्यांचं नाव शाळेतल्या पोरांनाही पाठ असतं. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंचं नाव मात्र किती जणींनी ऐकलंय?

त्यांच्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण त्यांचं काम आपल्या ओळखीचं आहे. पैसे उभे करायला दागिने गहाण पडले, ते त्यांचे. विलायतेहून फिल्म यायची ती कोरी. तिच्या कडेला भोकं पाडल्याशिवाय ती कॅमेऱ्यात चालत नसे. ती भोकं अंधाऱ्या खोलीत बसून, यंत्रावर, सरस्वतीबाई पाडायच्या. औषधांचं पाणी कालवायचं, फिल्म धुवायची, हेही त्या शिकल्या होत्या. चित्रण चालू असताना नटांच्या तोंडावर उजेड पडावा म्हणून पांढऱ्या चादरी धरून उन्हात तासन्‌तास उभं राहायचं, तेही त्यांच्याकडे. आणि हे सगळं करून साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक. घरची पोरंबाळं वेगळीच. आपल्यातल्या कितीतरी जणी शेतात, गोठ्यात, नवऱ्याच्या दुकानात असंच राबतात, आणि सातबाऱ्यावर किंवा पाटीवर नाव भलत्याचंच असतं. तेव्हा यात फार समजावून सांगण्यासारखं काही नाही.

या सिनेमात तारामतीचं काम करायला बाई मिळाली नाही. तो काळच तसा होता, पडद्यावर तोंड दाखवणारी बाई म्हणजे वाया गेलेली. शेवटी एका खाणावळीत कामाला असलेले अण्णा साळुंके तारामती झाले. खाणावळीत महिन्याला १० रुपये मिळायचे, फाळक्यांनी १५ देऊ केले, असं सांगतात. पुढे १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये तर राम पण तेच आणि सीता पण तेच! हसू येतं खरं, पण तेव्हाच्या लोकांनी पडद्यावरच्या या सीतेलाही मनापासून हात जोडले.

त्याच वर्षी, १९१३ मध्येच, फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दोन बायका उभ्या राहिल्या. दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई. आई पार्वती झाली, लेक मोहिनी झाली. दुर्गाबाई नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या, पदरात पोर, नाटक कंपनीबरोबर गावोगाव फिरून पोट भरणाऱ्या. लोकांनी नावं ठेवायची ती ठेवलीच. कमलाबाई पुढे गोखल्यांच्या घरात गेल्या. विक्रम गोखले आपल्याला सिनेमा-मालिकांतून माहीत आहेत, ते त्यांचे नातू.

आता तंबूकडे येऊ. तंबू ही नंतरची स्वस्तातली नक्कल नव्हती. आपल्या देशात पक्की थिएटरं बांधली जाण्याआधीपासून सिनेमा तंबूत होता. कलकत्त्याच्या मैदानावर जमशेटजी मादन १९०२ साली तंबू ठोकून खेळ करत होते. अब्दुलअली युसुफअली नावाचे दुसरे एक गृहस्थ तंबू घेऊन ब्रह्मदेश, सिंगापूरपर्यंत फिरले आणि १९०८ च्या सुमारास हिंदुस्थानात फिरू लागले. त्यांचा तंबू १०० फूट लांब, ५० फूट रुंद, हजारभर माणूस बसेल एवढा. फाळकेसुद्धा पडदा आणि यंत्र बैलगाडीत घालून गावोगाव खेळ करायचे. म्हणजे आपल्या गाडीवाटांनी सिनेमा आला तो बैलांच्या मागून. त्या मूक सिनेमात मधेमधे अक्षरं यायची. वाचता न येणाऱ्यांसाठी कुणीतरी ती मोठ्यानं वाचायचा. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईचंही त्यामुळे काही अडत नसे.

आपल्या बाजूला सिनेमाचं माहेर म्हणजे कोल्हापूर. तिथे बाबूराव पेंटरांनी कॅमेरा स्वतःच्या हातांनी बनवला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. त्यांची ‘सैरंध्री’ १९२० सालची. त्यात गुलाबबाई आणि अनसूयाबाई या दोघींनी काम केलं, आणि त्याबद्दल समाजाचा बहिष्कार सोसला. पण बचत गटातल्या बायकांनी ध्यानात ठेवावा असा त्यांचा सिनेमा १९२५ चा, ‘सावकारी पाश’. गोष्ट नारायण हरी आपट्यांची. देव नाहीत, राजे नाहीत. कर्जात बुडालेला शेतकरी, जमीन गिळणारा सावकार, आणि शेवटी गाव सोडून शहरात गिरणीत राबणं. दुष्काळी पट्ट्यातून मुंबईला गेलेल्या माणसांच्या घरची ही गोष्ट, सिनेमाला अजून बोलताही येत नव्हतं तेव्हाची. व्ही. शांतारामांनी त्यात तरुण शेतकऱ्याचं काम केलंय.

१९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट आला. ‘प्रभात’ ही कंपनी १९२९ मध्ये कोल्हापुरातच उभी राहिली होती, पुढे ती पुण्याला गेली. आणि १९३६ साली दामले-फत्तेलाल या जोडीचा ‘संत तुकाराम’ आला. मुंबईच्या सेंट्रल थिएटरात तो ५७ आठवडे चालला, पुढच्या वर्षी इटलीतल्या व्हेनिसच्या महोत्सवात गाजला. वाडी नावाच्या दोन हजार वस्तीच्या गावात उघड्या पटांगणावर त्याचा खेळ झाला तेव्हा सहा हजार माणूस जमलं होतं, असंही सांगतात.

एवढी माणसं तुकोबांसाठी जमली, हे खरंच. पण आम्हाला वाटतं, बायका जिजाईसाठीही आल्या असणार. गौरी नावाच्या नटीनं केलेली ही जिजाई रडकी नाही, सोशिक तर अजिबात नाही. नवरा अभंगात आणि घरात दाणा नाही, म्हणून ती भांडते. पोर आजारी पडल्यावर तर हातात पायताण घेऊन ती थेट पांडुरंगाला जाब विचारायला देवळात शिरते. देवाचा सिनेमा म्हणून सासूनं सुनेला पाठवायचं, आणि सुनेनं तिथे जाऊन देवाशी भांडणारी बाई बघायची! ‘देवाचा पिक्चर आहे’ हे कारण आपल्या आज्या-पणज्यांनी फार हुशारीनं वापरलं. देवदर्शनाला नाही म्हणायची घरच्यांची छाती नसते. एकदा देवाच्या सिनेमाला जायची वाट पडली, की पुढच्या जत्रेत घरगुती, त्याच्या पुढच्या जत्रेत तमाशाचा, असं करत करत पाय तंबूपर्यंत पोचायचे.

तंबूची रीत आमच्यातल्या वयानं मोठ्या बायकांना अजून आठवते. पावसाळा सरला की तंबूवाले निघायचे, वैशाखापर्यंत जत्रांमागून जत्रा. एका ट्रकात सगळा संसार: कापड, खांब, दोर, जनरेटर, कर्णे, आणि सिनेमाचं यंत्र. यंत्र बहुतेक ट्रकातच बसवलेलं असायचं, ट्रक तंबूच्या तोंडाशी उभा करायचा आणि आतून पडद्यावर झोत टाकायचा. तो उजेड बल्बचा नव्हता. कोळशाच्या दोन कांड्या टोकाला टोक भिडवून त्यांच्यात वीज खेळवायची, त्याचा लखलखाट. कांड्या जळत आखूड व्हायच्या, म्हणून यंत्रावरच्या माणसाला त्या सारख्या पुढे सरकवाव्या लागत. त्याला डुलकी लागली की पडद्यावरची नायिका काळवंडायची आणि पुरुषांच्या बाजूनं शिट्ट्या सुरू.

दोन-अडीच तासांच्या सिनेमाला चौदा-पंधरा रिळं. ती पत्र्याच्या डब्यांतून यायची. यंत्र एकच असल्यामुळे रीळ संपलं की थांबायचं, दिवा लागायचा. शहरातल्या माणसाला हे खोळंबणं वाटेल. पण बायकांना ते पर्वणी होतं. दिवा लागला की झोपलेलं पोर सरळ करायचं, लेकराला दूध पाजायचं, मागे वळून बघायचं. आणि मागे कोण? तर लग्नानंतर दोन वर्षांत न भेटलेली चुलत बहीण, दुसऱ्या गावची, दुसऱ्या बैलगाडीतून आलेली. जत्रेला माहेर-सासरची सगळी गावं एकत्र यायची. तंबूत बसायला खुर्च्या नसत. घरून आणलेली वाकळ नाहीतर घोंगडं अंथरायचं. जत्रेच्या दिवसांत खेळ रात्रभर चालत, आणि परतीची एस.टी. नसलेल्या बायका-पोरी तिथेच कलंडून पहाट काढत.

आणि मधोमध दोरी. कुठे दोरी, कुठे कनात, कुठे नुसता बांबू आडवा. एका अंगाला बाप्ये, दुसऱ्या अंगाला बायका. या दोरीबद्दल आमच्यात दोन मतं आहेत, ती तशीच सांगतो. काही जणी म्हणतात, बायकांना वेगळं काढणं ते काढणंच, बाजारातही वेगळं आणि सिनेमातही वेगळं. दुसऱ्या म्हणतात, ती दोरी होती म्हणून घरचे पाठवत होते. दोरीच्या अलीकडे कुणी खेटत नव्हतं, पदर सोडून मोकळं हसता येत होतं, रडता येत होतं. आमचा कल दुसऱ्या बाजूला आहे, पण पहिलीही बाजू खोटी नाही. शिवाय सगळ्याच जणी दोरीपर्यंत पोचल्या असंही नाही. नवी सून, विधवा बाई, आणि गावकुसाबाहेरच्या वस्तीतली बाई, प्रत्येकीला अडवणारी दोरी तंबूच्या बाहेरच होती. तिकीट काढलं की बसायला मिळायचं हे कागदावर खरं, गावाच्या सवयी मात्र लोकांबरोबर आतही यायच्या.

तालुक्याच्या गावी पुढे पक्की टॉकीज झाली. तिथे बायकांची तिकीटखिडकी वेगळी, तिची रांग छोटी. त्यामुळे नवा सिनेमा लागला की ओळखीचे-अनोळखी सगळे दादा-भाऊ बायकांच्या रांगेजवळ घुटमळायचे, ‘वहिनी, आमची पण दोन काढा की!’ एरवी सगळीकडे बाईनं पुरुषाच्या मागं उभं राहायचं, इथे तेवढं उलटं होतं.

बायकांनी चालवलेले सिनेमे सांगायचे तर यादी लांबेल. १९५९ चा अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ पुण्याच्या विजयानंद थिएटरात १३१ आठवडे चालला. तो लिहिणारे व्यंकटेश माडगूळकर आपल्याच माणदेशातले. त्यात काम केलेल्या हंसा वाडकरांनी पुढे आपल्या आयुष्याची कहाणी सांगितली, त्या पुस्तकाचं नावही ‘सांगत्ये ऐका’च. १९७५ मध्ये ‘जय संतोषी माँ’ आला. त्याच वर्षी ‘शोले’ आणि ‘दीवार’ आले होते, तरी या साध्या, थोड्या पैशांत काढलेल्या सिनेमानं गर्दी खेचली. बायका चपला बाहेर काढून आत जायच्या, पडद्यावर फुलं आणि नाणी टाकायच्या, आरती ओवाळायच्या. कितीतरी घरांत शुक्रवारचं व्रत त्या सिनेमानंतर आलं.

आणि १९९१ चा ‘माहेरची साडी’. दिग्दर्शक विजय कोंडके, नायिका अलका कुबल. राजस्थानी सिनेमावरून घेतलेली गोष्ट, पण आपल्याकडे ती जशी काही इथेच घडली होती. ट्रॅक्टर-ट्रॉल्या भरभरून बायका टॉकीजला आणि तंबूला गेल्या. शहाणी माणसं त्याला रडका सिनेमा म्हणून हसली. सोसत राहणारी सून आम्हालाही पटत नाही, आमच्या गटात त्यावरून भांडणं झालीत. पण एक गोष्ट हसणाऱ्यांना कळली नाही. सासरी रडायला जागा नसते. चुलीपुढे डोळ्यांत पाणी आलं तरी धुराचं नाव सांगावं लागतं. तिथे तंबूत शंभर जणी एकदम रडत होत्या आणि कुणी कुणाला कारण विचारत नव्हतं.

यानंतरची गोष्ट लवकर संपते. मुंबई दूरदर्शन १९७२ मध्ये सुरू झालं होतं, पण आपल्या गावांत टीव्ही पोचायला ऐंशीचं दशक उजाडलं. १९८७ मध्ये ‘रामायण’ सुरू झालं आणि देव बघायला तंबूत जायची गरज उरली नाही. मग व्हिडिओ, केबल, सीडी, आणि आता हातातला मोबाइल. २०१० नंतर थोड्याच वर्षांत फिल्मची रिळं निघणंच थांबलं, सिनेमा संगणकातून दाखवायची यंत्रं आली. ज्यांच्याकडे ती घ्यायला पैसे नव्हते त्यांची जुनी यंत्रं भंगारात गेली. याच सुमाराला शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया या दोघांनी आपल्या भागातल्या फिरत्या टॉकीजबरोबर कित्येक वर्षं हिंडून माहितीपट केला. २०१६ मध्ये फ्रान्सच्या कान महोत्सवात त्याचा गौरव झाला. गजेंद्र अहिरे यांचा ‘टुरिंग टॉकीज’ हा मराठी सिनेमा त्याआधी, २०१३ चा. त्यात तृप्ती भोईरनं पुरुषाचा वेश करून तंबू चालवणारी बाई उभी केली आहे.

तंबू गेला तेव्हा गावानं फारशी हळहळ केली नाही. सिनेमा काय, आता घरीच दिसतो. दिसतो हे खरं. पण घरात बघणारी बाई बसून बघत नाही. एक डोळा दुधावर, एक कान दाराकडे, आणि रिमोट दुसऱ्याच्या हातात. मोबाइलवर बघायचं तर एकटीनं, आवाज बारीक करून. पुरुषांना पार आहे, चहाची टपरी आहे, चावडी आहे. बायकांचं रात्री एकत्र जमायचं ठिकाण, जिथे देवाचं किंवा घरचं काही काम नाही, ते तंबू होतं, आणि ते गेल्याचं कुणाच्या हिशेबात आलं नाही.

काही तंबूवाले अजून फिरतात, नवी यंत्रं घेऊन. पण जत्रेत त्यांना जागा परवडत नाही. मोठे पाळणे जास्त भाडं देतात, म्हणून मोक्याची जागा त्यांना जाते. ही जागा कुणाला द्यायची, केवढ्याला द्यायची, हे यात्रा कमिटी नाहीतर ग्रामपंचायत ठरवते. यात्रा कमिटीत अजून बाप्येच जास्त. ग्रामपंचायतीत मात्र २०११ पासून निम्म्या जागा आपल्या आहेत. आमच्या गटानं यंदा असं ठरवलंय, की जत्रेच्या आधीच्या बैठकीला जायचं आणि एक अर्ज द्यायचा: सिनेमाच्या एका तंबूला कमी भाड्यात जागा द्यावी आणि त्यानं दुपारचा एक खेळ फक्त बायकांसाठी लावावा. सिनेमा कोणता, यावर मात्र अजून आमचं एकमत झालेलं नाही. निम्म्या जणींना ‘माहेरची साडी’ हवाय, निम्म्या म्हणतात, आता तो नको, दुसरं काहीतरी बघू.